त्यागीजींचे पोहे

अपघाताच्या आदल्या दिवशी मी आईसाठी फूड प्रोसेसर घेऊन आले.

सत्त्याण्णव साल होतं. देशात वस्तूंचा पूर आला होता. आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत दर सुट्टीला कुणाच्या तरी घरी खोक्यातून काहीतरी बाहेर निघायचं आणि बाकीचे लोक चहाच्या निमित्ताने ते बघून यायचे. मी नोएडात नव्याने निघालेल्या एका मासिकात नोकरीला होते. काम असं, की इतरांनी लिहिलेल्या लेखांतली विशेषणं खोडायची. याचा कुणी पगार देतं यावर आईचा कधीच विश्वास बसला नाही. तो बसावा म्हणूनच मी ते यंत्र आणलं होतं. त्यात नारळ खवायचं वेगळं पातं आहे, असं दुकानदाराने सांगितलं होतं आणि मी, इतकी पुस्तकं वाचलेली बाई, ते खरं मानून बसले होते.

आई स्वयंपाकघरात विळीवर बसून नारळच खवत होती. नारळाची वाटी तिच्या उजव्या हातात सारखी फिरत होती, हाताकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. तिने खोक्याकडे पाहिलं.

"केवढा आवाज करतं गं हे!"

"अजून लावलं नाहीये, आई."

"मग लावूच नकोस. माझे हात काय मोडलेत?"

आमच्याकडे घरात अभद्र बोलायचं नसतं. वास्तुपुरुष घरभर हिंडत असतो आणि कानावर पडेल त्याला 'तथास्तु' म्हणून मोकळा होतो. बाबा पेपरामागून म्हणालेही, "अगं, जरा जपून." पण सहकारी सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, पंजाबी ठेकेदाराने बांधलेल्या फ्लॅटमधल्या वास्तुपुरुषाला मराठी कळत असेल, असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. आई हसली, मी रुसले, जेवायला खोबरं घातलेली फरसबीची भाजी होती. झालं. एवढाच तो दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाजारातून सायकलरिक्षाने घरी येत होती. समोरून एक गाडी आली, इतकी नवी की सीटांवरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं. बॉनेटवर कुंकवाचं ओलं स्वस्तिक होतं. मालक गाडीला देवाच्या पाया पाडून परत निघाला होता. तो एक प्रॉपर्टी डीलर. देवळापर्यंत त्याने गाडी नीट नेली होती, पण वळण घेताना ब्रेक नेमका कुठे ते त्याला आठवेना. रिक्षावाला उडी मारून वाचला. आईही वाचली. उजवा हात रिक्षाच्या आणि दुभाजकाच्या मधे सापडला.

दोन ऑपरेशनं झाली. हाडं जुळली, पण नसा कामातून गेल्या. हात दिसायला होता तसा, फक्त त्यात काही धरलं जात नसे. घरात या हाताबद्दल बोलायची एक वेगळीच भाषा तयार झाली. आई म्हणायची, "हात जरा रुसलाय." बाबा म्हणायचे, "काढू समजूत." मी काहीच म्हणत नसे, ते माझं कामच आहे.

नुकसानभरपाईचा विषय काढला सरलाजींनी. सरला माथुर आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या आणि सोसायटीतल्या प्रत्येक घराची काळजी स्वतःच्या घरापेक्षा जास्त घ्यायच्या. खिचडीचा डबा टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "भाईसाहब, क्लेम करो. गाड़ी का इन्श्योरेन्स है, उसकी जेब से थोड़े ही जाएगा."

बाबांना ते पटायला वेळ लागला नाही. ते केंद्र सरकारात अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. ज्या गोष्टीची फाइल नाही ती गोष्ट घडलीच नाही, अशी त्यांची श्रद्धा. शिवाय मुंबईला एक सर्जन अशा नसा जोडून बघतात, असं कळलं होतं. यश येईलच असं ते म्हणत नव्हते आणि खर्च मात्र नक्की सांगत होते. क्लेम मिळाला तर आईला मुंबईला न्यायचं, असं ठरलं. म्हणजे बरं व्हायला पैसे हवे होते, आणि पैशांसाठी हा हात बरा होणार नाही असं शपथेवर सांगायचं होतं. यातली गंमत माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवी होती. पण मी विशेषणं खोडण्यात गुंतले होते.

कारण वकील भसीन यांनी लिहिलेला अर्ज तपासायला माझ्याकडे आला. त्यात आईला 'असह्य, अवर्णनीय आणि अखंड वेदना' होत होत्या. मी समासात लिहिलं, 'अवर्णनीय असतील तर वर्णन कशाला?' आणि तिन्ही विशेषणं काढली. 'भयंकर वेगाने' मधलं 'भयंकर' गेलं. 'निष्पाप गृहिणी' मधलं 'निष्पाप' गेलं, कारण आई माझ्या यंत्राला काय म्हणाली ते मी विसरले नव्हते. बाबांनी माझा मसुदा वाचून "भाषा उत्तम" असा शेरा दिला. भसीनसाहेबांनी तो दोनदा वाचला.

"मैडम," ते म्हणाले, "इसको पढ़कर तो लगता है चोट गाड़ीवाले को आई है और हम माफी माँग रहे हैं."

त्यांनी सगळी विशेषणं परत घातली, वर दोन नवी.

पुढची अडचण आईच्या नावाने केली. तिचं नाव अलकनंदा. दिल्लीत अलकनंदा नावाची एक वस्ती आहे, नदीच्या पलीकडे, दक्षिणेला. एका कारकुनाने ते नाव पत्ता समजून फाइल तिकडे पाठवून दिली. मुलीला नदीचं नाव ठेवलं की ती वाहत जायचीच, असं बाबा म्हणाले. ती फाइल यमुना ओलांडून परत येईपर्यंत उन्हाळा संपला होता.

दरम्यान सोसायटी कामाला लागली होती. सेक्रेटरी श्यामजींनी बातमी आणली की विमा कंपन्या गुपचूप फोटो काढतात, तेव्हा भाभीजींनी बाल्कनीत येऊ नये. त्यामुळे आमचे कपडे बाबा वाळत घालू लागले, आणि सोसायटीत अशी कुजबुज सुरू झाली की महाराष्ट्रात पुरुषच धुणं करतात. सरलाजींनी आमच्या हॉलमध्ये कोर्ट भरवलं. त्या स्वतः जज्ज.

"भाभीजी, बताइए, हाथ कैसा है?"

"ठीक है," आई म्हणाली.

"ठीक नहीं कहना है!"

"बरं. पहले से ठीक है."

"दर्द होता है?"

"थोड़ा. सबको कुछ ना कुछ होता ही है. आपका घुटना कैसा है?"

सरलाजींनी कपाळाला हात लावला. "आपका चेहरा ही इतना हँसमुख है. आप केस हार जाओगी."

मेडिकल बोर्डापुढे जाताना आईने नारायणपेठी काढली. मी म्हटलं, साधी नेस. ती म्हणाली, एवढे डॉक्टर बघणार, बरं दिसतं का? निऱ्या मी घातल्या, म्हणजे त्या दिवशी आईला हाताखेरीज आणखी एका गोष्टीसाठी भरपाई मागता आली असती. डॉक्टरांनी विचारलं, "क्या तकलीफ है?" आई म्हणाली, "कुछ नहीं, आप लोग सुबह से खड़े हो, आपको तकलीफ है." सुदैवाने डॉक्टरांनी तिच्याकडे न बघता एक्स-रेकडे बघितलं, म्हणून दाखला मिळाला.

मग भसीनसाहेबांनी शेवटची सूचना दिली. कंपनीचा तपासनीस कधीही, न सांगता घरी येईल. आला की माताजी पलंगावर. बोलणं कमी. चहा नाही.

"चाय भी नहीं?" आईने विचारलं.

"पानी भी नहीं."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्यांना असलं शिकवलं होतं. दारात आलेल्याला पाणी विचारायचं नाही? हे कसलं कोर्ट?

तपासनीस आले ते माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी. त्यागी नाव. हातात रेक्झिनची बॅग, चेहरा धुळीने माखलेला. मी दार उघडलं, आई ठरल्याप्रमाणे पलंगावर होती. त्यागीजींनी वही काढली आणि विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईनेच विचारलं, "कहाँ से आए?"

"फरीदाबाद से, आंटीजी. दो बस बदलकर."

"नाश्ता?"

"जी, वो... निकलते वक्त कुछ खाया नहीं."

भसीनसाहेबांचं सगळं कायदेशीर शिक्षण त्या क्षणी पाण्यात गेलं. आई उठली. पदर खोचला, डाव्या हाताने. "ऐसे कैसे? बैठो. पोहे बनाती हूँ." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रेवती, कपबशा विसळायच्यात ना? चल आत."

कपबशा कालच विसळलेल्या होत्या. मी आत गेले. आईही आली आणि दाराच्या मधोमध, पडदा अर्धा ओढून, पाठीमागे मला झाकून उभी राहिली. तोंड हॉलकडे, हात पडद्याआड, म्हणजे बाहेरून वाटावं की बोलता बोलता ओट्याशी तीच काम करतेय.

मला पोहे येत नव्हते. भाताशिवाय मला काहीच येत नव्हतं, आणि तोही कुकरचा. अपघातानंतर बाबांनी आणि मी पोळीभाजीसाठी बाई लावली होती. न्याहारीला आम्ही ब्रेड खायचो आणि त्यालाही नवं युग म्हणायचो.

"तो घर में कौन-कौन है?" आई हॉलकडे बघत म्हणाली, आणि त्याच दमात, त्याच सुरात, "पोहे चाळणीत घे, भिजव नि लगेच निथळत ठेव."

"पत्नी है, दो बच्चे हैं," त्यागीजी म्हणाले.

"अच्छा अच्छा. कांदा बारीक चीर, भजी नाही करायचीत. बच्चे कौन सी क्लास में?"

"बड़ा वाला पाँचवीं में."

"अरे वा! मोहरी तडतडू दे आधी. पढ़ाई में कैसा है? अगं हलव, लागतंय खाली!"

त्यागीजी थोडे गोंधळले. नंतर मला कळलं, त्यांना वाटलं की आई मधूनमधून देवाचं काहीतरी म्हणतेय. मी मिरची चिरली, डोळ्याला हात लावला, रडत रडत हळद घातली. मिठाच्या वेळी आई बोर्डाच्या परीक्षांवर बोलण्यात गुंतली आणि ती सूचना राहून गेली. मी अंदाजाने चिमूटभर टाकलं. लिंबू आईने डाव्या हातात घेतलं, दाबून पाहिलं, परत ओट्यावर ठेवलं. ते मी पिळलं. आम्ही दोघींनीही एकमेकींकडे बघितलं नाही.

बशी मात्र तिनेच नेली, डाव्या हाताने, वर कोथिंबीर पेरून. त्यागीजींनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. भूक फार उदार असते.

"आंटीजी, आपके हाथ में जादू है."

"इसमें क्या है," आई म्हणाली. सहा-सात महिन्यांत मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. "और लो."

"बेटी को भी सिखाया होगा आपने?"

"इसको?" आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांतून अजून मिरचीचं पाणी येत होतं. "इसको पानी भी उबालना नहीं आता. किताबें पढ़ती है."

जाताना त्यागीजी आईच्या पाया पडले. मग खाली जाऊन, जिन्यातच बसून, त्यांनी प्रामाणिकपणे अहवाल लिहिला: दावेदार महिलेने स्वतःच्या हाताने नाश्ता तयार करून वाढला.

आईची साक्ष झाली ती त्यानंतरच्या वर्षी. यमुनापारच्या, म्हणजे आमच्याच काठावरच्या कोर्टात, पंख्याखाली, आई पुन्हा नारायणपेठीत. कंपनीचे वकील तरुण होते आणि अतिशय अदबीने बोलत होते, हे वाईट लक्षण.

"माताजी, जिस दिन हमारे त्यागीजी आए, आपने उनके लिए पोहे बनाए?"

भसीनसाहेबांनी मला कोपराने ढोसलं. आदल्या दिवशी त्यांना मी खरं काय ते सांगितलं होतं आणि त्यांनी आनंदाने टेबलावर थाप मारली होती. आईने फक्त एवढंच म्हणायचं होतं: नाही, मुलीने केले.

आईने भरलेल्या कोर्टाकडे पाहिलं. "हाँ," ती म्हणाली.

"खुद?"

"हाँ."

"प्याज?"

"मैंने काटा."

"नींबू?"

"मैंने."

"कहीं ऐसा तो नहीं कि बेटी ने बनाए हों?" भसीनसाहेब कळवळून मधेच उठले. प्रश्न विचारायची पाळी खरं तर समोरच्या वकिलांची होती, पण आता कुणाला कशाचं भान नव्हतं.

"नहीं जी. उसको नहीं आता."

स्टेनोने टाइप केलं. माझ्याविषयी शपथेवर झालेली एवढी एकच नोंद या देशात आहे. जज्जसाहेब हसू दाबत म्हणाले, "अच्छे बने थे?"

आईने क्षणभर विचार केला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती, त्यामुळे तिला ते पूर्णपणे जमत नसे.

"नमक जरा कम था," ती म्हणाली.

भसीनसाहेब बाहेर आल्यावर तडक चहा प्यायला गेले. ऑटोत बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी कसेबसे बसले. मागे मी आईवर तुटून पडले. मुंबईचं ऑपरेशन, दीड वर्षाच्या खेपा, फाइल, बाबांनी वाळत घातलेले कपडे, सगळं काढलं.

"का सांगितलंस तसं? एक वाक्य होतं, आई! हात चालत नाही, एवढंच म्हणायचं होतं."

आईने उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला.

"एकदा बोलले होते मी घरात," ती म्हणाली. "त्याचं काय झालं बघितलंस ना? ते तर नुसतं घर. हे कोर्ट. इथला वास्तुपुरुष शिक्का मारून 'तथास्तु' म्हणेल."

मला हसू आलं. मग आलेलं हसू मधेच थांबलं. दीड वर्ष ती ते वाक्य बरोबर घेऊन हिंडत होती. आमचं यंत्र, तिचा तो टोमणा, बाबांचं 'जपून'. गाडीवाल्यावर तिने कधी राग धरला नव्हता, ते का हे मला तेव्हा समजलं. मी बोलायला हवं होतं. चांगली चार-दोन वाक्यं मला येत होती. मी म्हटलं, "मीठ कमी होतं हे सांगायची काय गरज होती?"

"कमीच होतं," आई म्हणाली.

पुढच्या जानेवारीत, धुकं उतरलेल्या आठवड्यात आई गेली. न्यूमोनिया झाला होता. हाताचा काही संबंध नव्हता, असं डॉक्टरांनी आम्हाला आवर्जून सांगितलं. केस मात्र चालूच होती. बाबांची आणि माझी नावं वारस म्हणून लागली. मुंबईचा आता प्रश्न नव्हता. भसीनसाहेब म्हणाले, सोडून द्यायची असेल तर सोडून द्या.

मी निकालपत्राचा विचार करत होते. छापील मजकुराबाहेर मला कशाचा विचार करता येत नाही. त्यात एक वाक्य येणार होतं: 'दावेदार महिला घरकाम करण्यास समर्थ होती.' म्हणजे त्या वळणावर तिला काहीच झालं नाही. मी आयुष्यभर वाक्यं खोडत आले. हे एक कायम राहणार होतं.

"साक्ष देते," मी म्हटलं.

"दो," भसीनसाहेब म्हणाले. "पर पोहे को हाथ मत लगाना. आप कहेंगी कि आपने बनाए, तो माताजी झूठी पड़ जाएँगी."

रात्री जेवताना मी बाबांना विचारलं. आईला खोटं पाडू का? बाबांनी आमटी ढवळली. "मीठ कमी होतं, एवढं ती खरं बोलली," ते म्हणाले. "तेवढं राहू दे. बाकी तुला वाटेल तसं दुरुस्त कर."

साक्षीच्या दिवशी मीही इस्त्रीची साडी नेसले आणि तिथे उभी राहिल्यावर आई कशासाठी नारायणपेठी नेसली ते समजलं. नीट नेसलेल्या साडीचा आधार असतो. मागच्या बाकावर त्यागीजी बसले होते. बाहेर भेटल्यावर त्यांनी आईची चौकशी केली होती आणि बातमी ऐकून भिंतीला टेकून उभे राहिले होते.

तरुण वकिलांनी अदबीने सुरुवात केली. "आपकी माताजी ने इसी अदालत में कहा था कि पोहे उन्होंने बनाए. सही है?"

"कहा था," मी म्हणाले. "बनाए मैंने थे."

"नहीं जी!" मागून त्यागीजी उठून उभे राहिले. "आंटीजी ने बनाए थे! मैंने खाए हैं!"

जज्जसाहेबांनी त्यांना खाली बसवलं. त्यागीजी बसले, पण माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी त्यांच्या ताटातून काही उचलून घेतलं होतं.

"माताजी ने तो कहा आपको आता ही नहीं," वकील म्हणाले.

"नहीं आता था. वो दरवाजे में खड़ी होकर बता रही थीं. नमक बताना रह गया. नमक वाली बात उन्होंने सच कही थी."

कोर्टात कुणीतरी हसलं. जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "तो उन्होंने ऐसा क्यों कहा, बेटा? खुद क्यों नहीं बनाए?"

साधा प्रश्न होता. "उनका हाथ..." मी म्हणाले आणि थांबले. हे वाक्य आमच्या घरात कुणी पुरं केलं नव्हतं. वर पंखा फिरत होता. वास्तुपुरुष असलाच तर तिथेच कुठेतरी असणार, कान टवकारून. आता त्याच्या हातात आमचं काही उरलं नव्हतं.

"आईचा हात गेला होता," मी म्हणाले.

स्टेनोची बोटं थांबली. "मैडम, हिंदी में."

"माँ का हाथ चला गया था जी," मी मोठ्याने म्हणाले. "उसी दिन. हम घर में बोलते नहीं थे."